उलटा हात

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी धम्मानंदनं डोक्याला दुपट्टा बांधला, स्कूटरला किक मारली आणि नागपूरच्या कमाल चौकामागच्या गल्लीत अंकुशच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. तीस वर्षं वस्तीत इलेक्ट्रिशियन म्हणून मिरवलेल्या माणसानं जे स्वप्नातही करू नये, ते करायला तो आला होता. आपल्या घरच्या कामासाठी दुसरा इलेक्ट्रिशियन ठरवायला.

अंकुश दुकानात पंखा उघडून बसला होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला गोड माणूस. धम्मानंद त्याला पंधरा वर्षं तोंडावर 'टेपवाला' म्हणत आला होता, कारण वायर सुटो की बटण तुटो, अंकुशचा इलाज एकच, काळी टेप. लोक हसायचे, अंकुशही हसायचा. आज धम्मानंदनं काम सांगितलं तेव्हाही तो सवयीनं हसलाच.

"मजाक करून राहिले काय भाऊ?"

"नाही गा. मागच्या खोलीची वायरिंग पूर्ण बदलायची आहे. नवा बोर्ड, नवे स्विच, शॉक लागायच्या आधी लाइन तोडते ते ईएलसीबी." त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला. "आणि अर्थिंग."

अंकुशनं हातातला पाना खाली ठेवला. त्या घराच्या अर्थिंगचा विषय वस्तीत कुणीही धम्मानंदसमोर काढत नसे.

"मी करू? तुमच्या घरी?"

"माझे हात चालत नाही ना गा आता." धम्मानंदनं दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "थोरल्या सरिताले आठवा लागला आहे. बाळंतपणाले इथंच येणार. जावई उमरेडहून फोनवर म्हणते, बाबा, पहिले अर्थिंग करा, मंग आणून सोडतो. खोटं नाही बोलत तो."

अंकुशनं त्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. घर धम्मानंदनं पै-पै जोडून बांधलं होतं, वायरिंग स्वतःच्या हातानं केली होती, फक्त अर्थिंग राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे विसरला नव्हता. त्यासाठी जमिनीत पुरायची तांब्याची प्लेट कधीच आणून ठेवली होती, मागच्या अंगणात कडुलिंबाला टेकवून, आणि दोन पावसाळे ती तिथंच हिरवी पडत होती. लोकांची कामं आधी. आपलंच तर घर आहे, करू एखाद्या रविवारी. गिऱ्हाइकांना मात्र तो अर्थिंगवर प्रवचन द्यायचा. "करंट बेईमान नसते. त्याले मातीत जायची घाई असते, बस. वाट करून द्या, चुपचाप जाते. नाही दिली तर माणसातून वाट काढते."

दोन्ही मुलींना त्यानं लहानपणापासून एक गोष्ट शिकवली होती. लोखंडाला हात लावायचा तर आधी उलटा लावायचा, बोटांच्या पाठीनं. करंट असला तर झटका बसून हात मागे येतो. सरळ हातानं धरलं तर मूठ मिटते, आणि मग ती सुटत नाही. धाकटी रोशनी नर्सिंगच्या होस्टेलवरसुद्धा फ्रिजला, कूलरला आधी उलटा हात लावायची आणि मैत्रिणी तिची टर उडवायच्या. फक्त घरी आली की ती तसं करत नसे. "आपल्या घरी कायले? बाबानं केली ना वायरिंग," असं म्हणायची.

सुटीत घरी असली की दुपारी तीनला मागच्या खोलीच्या खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी भरायचं काम तिचं. त्या दिवशीही तिनं अंगणातून पाइप ओढत आणला, कूलरमध्ये सोडला आणि दुसऱ्या हातानं कूलरचा पत्रा धरला. सरळ हातानं. त्या वेळी धम्मानंद रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यात शिडीवर उभा राहून त्यांच्या कूलरचं अर्थिंग तपासत होता. खिशात फोन वाजला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं उचलला नाही. फोन सहा वेळा वाजला.

घरी पोचल्यावर त्यानं सगळ्यात आधी मागच्या खोलीचा फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. काम करताना फ्यूज आपल्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी चुकून लाइन सुरू करत नाही, ही त्याची जुनी सवय. आता करायला काम काहीच उरलं नव्हतं, तरी हातांनी ती पाळली. तो चिनीमातीचा पांढरा फ्यूज तेव्हापासून त्याच्याजवळच होता. शर्ट बदलला की फ्यूज नव्या शर्टात जायचा. कूलर भंगारात गेला, खोलीला कडी लागली, आणि धम्मानंदचे हात थरथरायला लागले ते लागलेच.

इथं एक सांगायला हवं. भुताखेतांवर धम्मानंदचा काडीचा विश्वास नव्हता. विहारात पोरांसमोर बोलायची वेळ आली की "भूत म्हणजे लूज कनेक्शन" हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते उगाच नव्हतं. आपोआप लागणारे दिवे, मध्येच फिरणारे पंखे, अशा घरांतून त्याला तीन-चारदा बोलावणं आलं होतं, आणि दर वेळी त्यानं कुठलीतरी ढिली तार पकडून आवळून दिली होती. माणसं घाबरतात, तार घाबरत नाही, असं म्हणून तो चहा प्यायचा आणि निघायचा.

म्हणूनच रोशनीला जाऊन महिना झाला आणि एका दुपारी तीन वाजता बंद खोलीतून पाण्याची टपटप ऐकू आली, तेव्हा तो कुणाला काही बोलला नाही. आधी टपटप. मग पंपाची बारीक घरघर. मग दाराखालच्या फटीतून कूलरच्या ताट्यांतल्या भिजलेल्या वाळ्याचा, खसचा वास, गार, गोडसर. धम्मानंदनं खिसा चाचपला. फ्यूज जागेवर होता. तो उठला आणि चार वाजेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. पावसाळ्यात तेच. डिसेंबरात सगळं नागपूर शेकोटीला बसलं होतं तेव्हाही बरोबर तीनला त्या खोलीतून उन्हाळ्याचा वास यायचा.

प्रेमिला, त्याची बायको, तीही बोलत नसे. रोज साडेतीनच्या सुमाराला ती बादली आणि फडकं घेऊन त्या खोलीत जायची, दार आतून लोटायची आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन मोरीत फडकं पिळायची. बंद खोलीची फरशी रोज कशाला पुसते, हे धम्मानंदनं कधी विचारलं नाही. फडक्यातून पाणी गळायचं, ते दोघांनाही दिसायचं.

अंकुश ठरल्याप्रमाणे आला आणि खरं सांगायचं तर त्यानं फार मन लावून काम केलं. टेप त्यानं आणलीच नव्हती. जुन्या पट्ट्या उखडल्या, तारा ओढून काढल्या, बोर्ड उतरवला. धम्मानंद दारात स्टूल टाकून बसला होता. उंबरठा ओलांडून आत येणं त्याला जमलं नव्हतं. जेवून अंकुश पुन्हा कामाला लागला तेव्हा त्या खोलीच्या भिंतींत एकही तार उरली नव्हती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तीन वाजता अंकुश खिडकीपाशी उभा होता. नवा बोर्ड कुठे बसवावा हे बघताना त्यानं हातातला टेस्टर सहज खिडकीच्या गजावर टेकवला.

टेस्टरमधला बारीक लाल दिवा लागला.

अंकुशनं टेस्टर काढला, पँटला पुसला, पुन्हा टेकवला.

"भाऊ... या खोलीचा फ्यूज?"

"माझ्या खिशात आहे."

"मंग हे... कुठून येऊन राहिलं?"

 अंकुशनं नाक वर करून हुंगलं. "कूलर कोणाचा सुरू आहे? खसचा वास..." बोलता बोलता तो थांबला. त्याच्या पायाशी, कोरड्या सिमेंटच्या भुशावर, पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा. त्यानं वर छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं.

तेव्हा धम्मानंद उठला. वर्षभरात पहिल्यांदा तो उंबरठा ओलांडून आत आला, खिडकीपाशी गेला आणि हात उलटा करून बोटांची पाठ गजाला लावली. झटका बसला नाही. नुसत्या मुंग्या आल्या, हलक्या, लहान मूल हातावर बोट फिरवतं तशा. त्यानं हात काढून घेतला आणि छातीशी धरला.

अंकुश हळू आवाजात म्हणाला, "शेजारच्या घरून येत असंल, रिटर्न करंट. होते असं कधी कधी. अर्थिंग झालं का निघून जाईल." आपलं बोलणं आपल्यालाच पटत नसल्यासारखा तो भराभर अवजारं गोळा करू लागला. "उद्या खड्डा खोदू. सकाळी सकाळीच येतो मी."

तो वळला तर दारात प्रेमिला उभी होती. हातात बादली, खांद्यावर फडकं. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्ती लावून झाल्यावर प्रेमिला तिथंच खाली बसली. धम्मानंद तिच्याजवळ बसला.

"निघून जाईल म्हणे," प्रेमिला म्हणाली.

"तुले माहीत होतं?"

"वर्षभर पुसून राहिली ना मी." ती मेणबत्तीकडे बघत होती. "तुम्ही म्हणान, लूज कनेक्शन. म्हणून नाही बोलली."

 इतके महिने एकाच घरात, एकाच वासात बसून दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. "मलेही ऐकू येते वं," तो म्हणाला. "रोज."

 मग धम्मानंदनं मनातलं बोलून टाकलं. "नको करू अर्थिंग. सरिताले सांगू, सासरीच कर बाळंतपण. नाही तर दवाखान्याजवळ भाड्यानं खोली घेऊ."

"आणि तिले काय सांगू? तुही बहीण राहते आमच्याजवळ, म्हणून तू येऊ नको?" प्रेमिलाचा आवाज फुटला. "सरिताची पहिली खेप आहे. ती माय नाही काय म्हणणार मले? एकीसाठी दुसरीले दारातून कसं वापस करू मी?"

 प्रेमिलानं पदरानं डोळे पुसले.

"करा अर्थिंग. पण शेवटचा जोड तुम्ही द्या. अंकुशच्या हातानं नको. आणि तीन वाजल्यावरच द्या. जाऊ द्यायचं तर ती असताना जाऊ द्या. पाठीमागून हाकलल्यासारखं नको."

दुसऱ्या दिवशी कडुलिंबापासून चार हात दूर, मागच्या खोलीच्या खिडकीखाली, अंकुशनं खड्डा खोदला. कमरेच्या वर खोल गेल्यावर माती जरा ओलसर लागली. धम्मानंदनं ती हिरवी पडलेली प्लेट उचलून आणली आणि विटकरीच्या तुकड्यानं घासत बसला. दोन तास घासली. प्लेट तांब्याच्या रंगावर आली. मग खड्ड्यात प्लेट उभी केली, तिच्याभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. शेवटच्या थराला मीठ कमी पडलं तेव्हा प्रेमिला स्वयंपाकघरातली बरणी घेऊन आली आणि तिनं स्वतःच्या हातानं मूठमूठ मीठ खड्ड्यात टाकलं. मूठ टाकताना तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते धम्मानंदनं ऐकलं नाही, आणि ऐकायचं धाडसही त्याला झालं नाही.

वर पाणी ओतायला एक हातभर खोल जागा ठेवून खड्डा बुजवला. खोलीत नव्या तारा, नवा बोर्ड, सगळं तयार होतं. प्लेटकडून आलेली जाड तार भिंतीतून आत घेतली होती, आणि फक्त एक नट आवळायचा बाकी होता. अंकुश म्हणाला, "मी बाहेर थांबतो भाऊ." तो थेट फाटकापर्यंत जाऊन उभा राहिला.

तीन वाजले. टपटप सुरू झाली. मग घरघर. वाळ्याचा वास त्या दिवशी इतका दाट होता की धम्मानंदला श्वास घेववेना. फरशीवर खिडकीखाली पाण्याचा ओघळ वाढत वाढत त्याच्या चपलेपर्यंत आला. प्रेमिला भिंतीला टेकून उभी होती.

"रोशनी," धम्मानंद म्हणाला. "बेटा, माह्याच्यानं उशीर झाला."

त्यानं पाना उचलला. हात थरथरत नव्हते. वर्षभर ज्यांना चमचाही नीट धरवत नव्हता त्या हातांनी नट शांतपणे, एक एक फेरा, आवळत नेला. शेवटच्या फेऱ्याला घरघर थांबली. टपटप थांबली. वास एकदम गेला नाही, तो खाली खाली बसत गेला, फरशीपर्यंत आला आणि मग नाहीसा झाला.

प्रेमिलानं सवयीनं फडकं घेतलं आणि खाली बसून फरशीवर फिरवलं. फडकं कोरडंच राहिलं. तिनं पुन्हा फिरवलं, मग हातानं चाचपून पाहिलं. "कोरडी आहे जी," ती म्हणाली, "पूर्ण कोरडी आहे," आणि फडक्यात तोंड खुपसून जशी रडली, तशी ती मुलीच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही रडली नव्हती.

सरिता आली. मागच्या खोलीत तिचा पलंग लागला, नवा कूलर बसला. अंकुश जाताना बजावून गेला होता, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू देऊ नका, रोज बादलीभर पाणी टाका. हे धम्मानंदला अंकुशकडून ऐकावं लागलं, पण त्यानं मुकाट ऐकलं. रोज दुपारी तीनला तो बादली घेऊन अंगणात जायचा. माती पाणी पिऊन टाकायची आणि तो कान देऊन उभा राहायचा. काहीच ऐकू यायचं नाही. लेक दोनदा गेली होती, आणि दुसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं धाडली होती. सरिता हसायची, बोलायची, पोटात बाळ लाथा मारतं म्हणून आईचा हात धरून पोटावर ठेवायची. धम्मानंद तिच्यासमोर हसायचा आणि अंगणात येऊन डोळे पुसायचा.

सरिता आल्यापासून नवव्या दिवशी अडीच वाजता सगळ्या वस्तीची लाइन गेली. गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले आणि घराघरांतून पोरांची कुरकुर ऐकू येऊ लागली. तीनला धम्मानंदनं बादली उचलली. खड्ड्याकडे जाण्याआधी जुन्या सवयीनं मेन स्विचही खाली पाडला, लाइन अचानक आली तर नको म्हणून.

खड्डा काठोकाठ भरलेला होता.

सकाळी नळापाशी गुंडाळून ठेवलेला पाइप अंगणभर सरळ पसरला होता. त्याचं तोंड खड्ड्याच्या कडेला होतं आणि त्यातून थेंब गळत होते.

"प्रेमिला," त्यानं खिडकीकडे तोंड करून विचारलं, "खड्ड्यात पाणी तू टाकलं काय वं?"

"नाही ना. मी तर सरिताच्या पायाले तेल लावून राहिली."

मागून सरिताचा झोपाळलेला आवाज आला. "मले वाटलं तुम्हीच आहे, बाबा. कोणीतरी पाइप ओढत नेला आत्ता."

धम्मानंद खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला. माती पाणी पीत नव्हती. पाणी गढूळ असायला हवं होतं, पण ते स्वच्छ होतं, आणि त्यावरून वाळ्याचा वास येत होता. त्यानं हात उलटा केला आणि बोटांची पाठ पाण्याला टेकवली.

मुंग्या आल्या. हलक्या, ओळखीच्या.

त्यानं मान वळवून गल्लीकडे पाहिलं. एकही कूलर सुरू नव्हता. तीस वर्षं त्यानं ज्याला भेटेल त्याला जे करू नको म्हणून सांगितलं, ते मग त्यानं केलं. हात सरळ केला आणि तळवा पाण्यात बुडवला. पाण्याखाली त्याची मूठ आपोआप मिटली.

"ऐकलं काय?" आतून प्रेमिलाचा आवाज आला, जरा हायसं वाटलेला. "लाइन आली वाटते. सरिताचा कूलर सुरू झाला."

धम्मानंदनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मेन स्विच तर त्यानं स्वतः खाली पाडला होता. हात सुटत नव्हता. तसा त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.